निरोगी गटातल्या काटेताई

काटेताईंचं आडनाव काटे नव्हतं. प्रयोगशाळेत कुणीतरी पहिल्याच वर्षी हे नाव त्यांना चिकटवलं आणि ते चिकटून राहिलं. त्यांचं मशीन म्हणजे वजनाचा एक भलामोठा काटा होता, आणि त्या स्वतः काटेकोर. बाटलीवरची पट्टी केसभर वाकडी लागली तरी त्या ती सोलून परत लावायच्या, मग ती दुसऱ्या कुणी का लावलेली असेना. या नावाला आणखीही एक कारण होतं, पण ते लोक त्यांच्या पाठीमागे सांगायचे.

मशीन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. करड्या रंगाचं, बेढब, जुन्या झेरॉक्स मशीनच्या चुलत भावासारखं. त्याच्या टेबलाखाली पंप सतत घरघरत असायचा. कुणी पाहुणे आले की त्यांना समजावून सांगायचं काम काटेताई आपणहून अंगावर घ्यायच्या.

"माणसाच्या रक्तात, लघवीत हजारो बारीकसारीक पदार्थ असतात," त्या सांगायच्या. "खाल्लेलं पचलं की त्याचे तुकडे होतात. स्नायू दमले की त्यातून काही सुटतं. आतड्यातले जंतू आपापलं काहीबाही सोडत असतात. या सगळ्यांना म्हणायचं मेटाबोलाइट. आपण नमुन्याचा एक थेंब आत सोडायचा. मशीन त्याचा फवारा करतं, रेणूंना विजेचा जरासा चटका देतं आणि पळायला लावतं. हलका कसा पळतो, जड कसा पळतो, त्यावरून वजन कळतं आणि वजनावरून ओळख पटते. पडद्यावर हे डोंगर दिसतात ना, तो एकेक पदार्थ."

एवढं बोलून त्या जरा थांबायच्या आणि मशीनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "आणि हे कुणाची भीड ठेवत नाही बरं का!"

हे वाक्य त्या अशा तोऱ्यात म्हणायच्या, की जणू मशीनला हे वळण त्यांनीच लावलंय. आता ते आठवलं की त्यांना स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

त्या वर्षी प्रयोगशाळेत मूत्रपिंडांवरचा अभ्यास चालू होता. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरबाई मूत्रपिंडांच्याच तज्ज्ञ. त्यांचं म्हणणं असं, की नेहमीच्या तपासणीत काही दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. त्याच्या आधीच लघवीत काही खुणा उमटत असतील, तर त्या शोधून काढू. त्यासाठी दोन गट हवे होते. एक नुकताच त्रास सुरू झालेल्या रुग्णांचा आणि दुसरा ठणठणीत माणसांचा. रुग्ण हवे तेवढे मिळाले. अडलं ते ठणठणीत माणसांपाशी, कारण ठणठणीत माणूस इस्पितळाच्या आवारात फिरकतोच कशाला?

शेवटी डॉक्टरबाईंनी जेवणाच्या खोलीत विषय काढला. "आपल्यातलं कुणी नमुना देईल का? फक्त लघवीचा लागतोय."

कुणाला रक्तदाब होता, कुणाला साखर, कुणी नुकतंच आजारातून उठलेलं. डॉक्टरबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत काटेताई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. उठताना उजवा गुडघा कट्‌कन वाजला. तो आवाज झाकायला त्या खोकल्या.

"मी देते," त्या म्हणाल्या. "मला कधी काही होत नाही."

घरी गेल्यावर ही बातमी नवऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. नवऱ्याचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान. सगळी आळी त्यांना चष्मेवाले म्हणायची. चष्मेवाल्यांना आजारांची हौस होती. आज पोटात गुबारा, उद्या छातीत चमक, परवा कानात शिट्टी. त्यांच्याकडे गोळ्यांचा एक कप्प्याकप्प्यांचा डबा होता आणि तो ते दागिन्यांच्या डब्यासारखा जपायचे. काटेताई त्यांना "आमचं फिरतं औषधालय" म्हणायच्या. पाहुण्यांसमोरही म्हणायच्या.

"अहो, ऐकलंत का? मला निरोगी म्हणून घेतलंय अभ्यासात."

चष्मेवाल्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "कुणी तपासलं तुला?"

"तपासायचंय काय त्यात? दिसतं ते!"

"बरं," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी जेवणानंतरची गोळी काढली.

नमुना घ्यायच्या दिवशी नर्सनं ठरलेले प्रश्न विचारले. झोप कशी लागते, काही शस्त्रक्रिया झालीय का, काही औषधं चालू आहेत का. शेवटच्या प्रश्नाला काटेताईंनी "छे!" असं उत्तर दिलं, तेही जरा दुखावल्यासारखं. आणि त्या वेळी त्यांच्या मांडीवरच्या पर्समध्ये, चेनच्या कप्प्यात, वेदनाशामक गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट होतं.

यात त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं होतं असं मुळीच नाही. ती गोळी म्हणजे औषध आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. औषधं आजारी माणसं घेतात. ही गोळी म्हणजे गुडघ्याला दिलेली लाच. सकाळी एक दिली की तो गप्प बसायचा, दुपारी एक दिली की संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचा नाही. लिफ्टसाठी ताटकळणाऱ्या तरुण पोरांच्या नाकावर टिच्चून त्या जिन्यानं वर जायच्या आणि वरून म्हणायच्या, "काय रे, पोचलात का?" हे असं कित्येक वर्षं चाललं होतं.

नमुन्यांवर नाव नसायचं, फक्त क्रमांक. कुणाचा कुठला ते मशीनवर काम करणाऱ्यांना कळू नये, हा नियम. पण स्वतःच्या नळीवरची पट्टी नर्सकडून वाकडी लागली, हे काटेताईंना बघवलं नाही. त्यांनी ती सोलून सरळ लावली. म्हणजे क्रमांक डोळ्यांखालून गेला, आणि काटेताईंच्या डोळ्यांखालून गेलेला क्रमांक पुसला जात नसे.

सगळे नमुने मशीनमधून गेल्यावर काम ठिपकेवाल्याकडे आलं. हा प्रयोगशाळेतला संख्याशास्त्रज्ञ. दोन मुलांचा बाप, शांत, जरासा झोपाळू. मशीननं दिलेल्या हजारो डोंगरांचं गणित मांडून तो प्रत्येक माणसाचा एक ठिपका करायचा. ज्यांच्या लघवीतला ऐवज सारखा, त्यांचे ठिपके जवळजवळ पडायचे. निरोगी हिरवे, रुग्ण नारिंगी.

"ताई, बघायला या!" त्यानं हाक मारली. "काय सुरेख फारकत झालीय!"

खरंच झाली होती. डावीकडे हिरव्यांचा घोळका, उजवीकडे नारिंगींचा. मध्ये मोकळं रान.

"फक्त एक हिरवा भलत्याच घरात जाऊन बसलाय." त्यानं नारिंगींच्या मधोमध बोट ठेवलं. क्रमांक उमटला.

काटेताईंनी तो वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"मशीनचं काहीतरी बिनसलंय," त्या म्हणाल्या.

ठिपकेवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत काटेताईंच्या तोंडून मशीनबद्दल वाकडा शब्द त्यानं ऐकला नव्हता. एखाद्या आईनं आपणहून म्हणावं की माझा लेक जरा चोरच आहे, तसं ते वाटलं.

काटेताईंनी मशीन बंद केलं. फवारा सोडणारी सुई काढून धुतली, नळी बदलली, जिथे जिथे हात पोचतो तिथे तिथे पुसून काढलं. मग सरमिसळ नमुना घातला. सगळ्यांच्या नमुन्यांतून थेंब थेंब घेऊन तो केलेला असतो; मशीन आज कालच्यासारखंच वागतंय ना, हे त्याच्यावरून कळतं. आजचे डोंगर कालच्या डोंगरांवर असे बसले, की मध्ये कागदही सरकला नसता. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा नमुना पुन्हा घातला. मग पुन्हा. मशीननं दर वेळी तेच सांगितलं, आणि तेही अगदी थंडपणे, जसं ते बाकीच्यांबद्दल सांगायचं.

मग त्यांनी खापर फ्रीझरवर फोडलं. नळ्यांची अदलाबदल झाली असणार. हातमोजे चढवून त्यांनी गोठलेल्या डब्यांतली प्रत्येक नळी जागेवर आहे का ते पाहिलं. होती. कशी नसेल? त्यांनीच तर लावल्या होत्या!

मग राहिला ठिपकेवाला.

"तुझं गणितच चुकतंय," काटेताई म्हणाल्या.

"ताई, दुसऱ्या पद्धतीनं पण मांडून पाहिलं. तो तिथेच बसतोय." ठिपकेवाला खुर्चीत पुढे सरकला. "थांबा, त्याला कुठले डोंगर ओढून नेतायत ते बघू." त्यानं काही कळा दाबल्या आणि तो मोठ्यानं हसला. "अरे वा! हे बघा. वेदनाशामक गोळी. गोळी आणि गोळीचे सगळे तुकडे. डोंगर कसले, पर्वत आहेत हे! हा गडी गोळ्या चॉकलेटसारख्या चघळतोय. आणि नर्सला सांगितलंय, काही घेत नाही म्हणून! काय एकेक नमुने असतात ना, ताई?"

"हं," काटेताई म्हणाल्या.

त्यांच्या मनात मात्र आशेला पालवी फुटली. म्हणजे सगळा घोटाळा गोळीचा! "मग असं कर, गोळीचे डोंगर वगळ आणि नुसतं बाकीचं बघ. मग येईल तो जागेवर."

ठिपकेवाल्यानं वगळले. पडदा क्षणभर कोरा झाला आणि ठिपके परत उमटले. तो एक हिरवा ठिपका जरासा सरकल्यासारखा झाला आणि नारिंगींच्या गर्दीतच बसला, बसमध्ये एकदाची जागा मिळालेल्या माणसासारखा.

"नाही ताई. गोळी सोडली तरी बाकीचंही तसंच आहे. रुग्णांमध्ये जे वाढलेलं दिसतं, तेच याच्यातही वाढलंय."

काटेताईंची मान दाराकडे वळली. दुखणं दाबायच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. बाहेर पॅसेजमध्ये तसा फलकच होता. तो तिरका झाला की सरळ करायचं काम त्याच करत असत.

"गाळून टाकू याला," ठिपकेवाला म्हणाला. "तसाही नियम आहे, औषधं घेणारा निरोगी गटात नको. एकदा बटण दाबलं की गेला."

"टाक," काटेताई म्हणाल्या.

किती सोपं होतं! क्रमांक जाईल, ठिपका जाईल, चित्र सुरेख दिसेल. कुणाला काही कळणार नाही. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि पाण्याची बाटली उघडली. आणि तेव्हा त्यांचं स्वतःच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. तो हात त्यांना न विचारताच पर्सच्या चेनच्या कप्प्यात जाऊन आला होता. बोटांत पाकीट होतं आणि अंगठा गोळी दाबून बाहेर काढत होता. गुडघा दुखत नव्हता. त्या नुसत्या घाबरल्या होत्या.

ठिपकेवाल्यानं पाकीट पाहिलं. "डोकं दुखतंय का ताई?"

"नाही रे." काटेताईंनी बाटलीचं झाकण परत लावलं. "बटण दाबू नकोस. तो हिरवा मी आहे."

ठिपकेवाल्यानं पडद्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, काटेताईंकडे पाहिलं.

"म्हणजे तो गडी..."

"गडी नाही, बाई आहे. दुरुस्त करून घे."

"ताई, मी मघाशी नमुना म्हणालो ते..."

"बरोबरच म्हणालास."

त्यानं उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि तो डॉक्टरबाईंना बोलवायला गेला. काटेताई पडद्यासमोर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी किती लोकांचे ठिपके असे बघितले असतील! प्रत्येक ठिपक्याला एक पोट असतं आणि त्या पोटात असा गोळा येतो, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी क्रमांक बघितल्याबद्दल झाडलं. काटेताईंनी खाली मान घालून ऐकलं. हेच भाषण त्या नव्या लोकांना देत असत, त्यामुळे पुढचं वाक्य काय येणार ते त्यांना पाठ होतं.

"आणि दुसरं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा अभ्यास आहे, निदान नव्हे. या ठिपक्यावरून मी तुम्हाला आजारी म्हणणार नाही. निरोगीही म्हणणार नाही. उद्या सकाळी इस्पितळातल्या माझ्या दवाखान्यात या, रीतसर रक्ततपासणी करू. आणि ते पाकीट द्या इकडे."

काटेताईंनी परीक्षेत चिठ्ठी सापडलेल्या मुलीसारखं ते पुढे केलं.

"दुसरं?"

"दुसरं कुठलं?"

डॉक्टरबाईंनी हात तसाच पुढे धरला. काटेताईंनी पर्सच्या तळातून दुसरंही पाकीट काढून दिलं.

संध्याकाळी त्या थेट दुकानात गेल्या. चष्मेवाले एका फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होते. काटेताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं आणि आता काय ऐकावं लागतंय म्हणून दात आवळून उभ्या राहिल्या. फिरतं औषधालय हसलं असतं तर त्याला तो हक्क होता. इतक्या वर्षांचं व्याजासकट वसूल करायला याहून बरी संधी मिळाली नसती.

चष्मेवाल्यांनी स्क्रू खाली ठेवला. "फाइल आहे का तुझ्याकडे?"

"कसली फाइल?"

"अगं, फाइलशिवाय कुणी दवाखान्यात जातं का?" ते उठले आणि आतून एक कोरी करकरीत फाइल घेऊन आले. त्यांच्याकडे जास्तीची होती. अर्थातच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. दवाखान्यात शिरल्या शिरल्या काटेताईंना कळलं, की आपण नवऱ्याच्या राज्यात आलोय. टेबलामागच्या बाईंनी चष्मेवाल्यांची नावानिशी चौकशी केली. रक्त काढणाऱ्यानं त्यांना लांबूनच हात केला.

"त्या खुर्चीवर नको बसूस," चष्मेवाले कुजबुजले. "एसीचा झोत थेट मानेवर येतो. इथे बस. आणि हे बघ, आत गेलं की आपल्याला काय होतंय तेवढंच सांगायचं. काय झालंय ते आपण सांगायचं नाही. डॉक्टरांना आवडत नाही. ते त्यांचं काम."

"बरं," काटेताई म्हणाल्या. "आणि रक्त घेतात तेव्हा?"

"तेव्हा दुसरीकडे बघायचं. त्या कॅलेंडरकडे बघ. मी तिथेच बघतो."

हजारो लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळलेल्या काटेताईंना तोपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं, की त्या नळीच्या अगोदर एक सुई असते. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं आणि चष्मेवाल्यांचं मनगट असं पकडलं, की त्यांच्या घड्याळाचा वळ उठला. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही. उलट, नव्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी वर्गात नेणाऱ्या मास्तरांसारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

तपासणीत मूत्रपिंडांचा आकडा सीमेच्या जरासा पलीकडे निघाला. फार नाही, पण पलीकडे.

"वेळेवर कळलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्या आजपासून बंद. पुढच्या तपासणीत बघू. आणि हा गुडघा तुम्ही इतकी वर्षं कुणाला दाखवला कसा नाहीत?"

"दुखत नव्हता ना."

"का दुखत नव्हता?"

काटेताईंनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाले कॅलेंडर बघत होते.

गोळ्या बंद झाल्या आणि गुडघ्याला वाचा फुटली. इतक्या वर्षांचं साठलेलं तो एकदम बोलू लागला. सकाळी अंथरुणातून उठताना, नळाखाली वाकताना, चपला घालताना. लेकीनं फोनवर आधी काळजी केली, मग हसून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, बाबांचं ऐक फक्त. त्यांना यातलं सगळं माहीत असतं." घरात एवढा तज्ज्ञ असताना आपण त्याचा उपयोग फक्त पाहुण्यांना हसवायला केला, हे काटेताईंना फार लागलं. दोन दिवस त्या चष्मेवाल्यांशी इतक्या गोड बोलत होत्या, की त्यांना वाटलं, तपासणीत आणखी काही निघालंय आणि ही लपवतेय.

जिना सुटला. लिफ्टमध्ये पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्यांना आपुलकीनं विचारलं, "नवीन का तुम्ही इथे?" काटेताई हो म्हणाल्या. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

प्रयोगशाळेत त्यांचा नमुना रीतसर गाळला गेला आणि का गाळला तेही लिहून ठेवलं गेलं. डॉक्टरबाईंनी नर्सच्या प्रश्नांत एक बदल केला. "काही औषधं चालू आहेत का?" याच्या जोडीला "दुखलं-खुपलं की काय घेता?" असंही विचारायचं ठरलं. मग निरोगी गटातल्या बाकीच्यांनाही ते पुन्हा विचारलं, तर आणखी काहींच्या खिशातून, पर्समधून, गाडीच्या कप्प्यातून असलेच लाचलुचपतीचे प्रकार बाहेर आले. तेही गळाले. निरोगी माणसांची पुन्हा शोधाशोध सुरू झाली. ठिपकेवाला वैतागला. "ताई, तुमच्यापायी माझं सगळं चित्र परत काढावं लागतंय," तो म्हणाला. काटेताईंनी त्याला चहा पाजला, त्या दिवशी आणि पुढेही बऱ्याचदा.

गुडघ्यासाठी व्यायाम शिकवणारी बाई मिळाली. तिनं एक रबरी पट्टा दिला. तो पलंगाच्या पायाला अडकवून पाय ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा. काटेताईंना हे फार बावळटपणाचं वाटायचं. पण चष्मेवाले शेजारी खुर्ची टाकून मोजायला बसायचे आणि मध्येच मोजणी विसरून पहिल्यापासून सुरू करायचे. पुढच्या तपासणीत आकडा सीमेच्या अलीकडे आला नाही, पण पुढेही गेला नाही. त्याच्या पुढच्या वेळी किंचित खाली उतरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच चालू द्या.

आता काटेताई काही लपवत नाहीत. दुखलं की लगेच सांगतात. घोटा दुखला की सांगतात, पाठ धरली की सांगतात, जांभई देताना जबडा वाजला तर तेही सांगतात. त्यात एक अडचण अशी झाली, की घरात दुखणी सांगायची वेळ पूर्वी एकट्या चष्मेवाल्यांची होती, ती वाटून घ्यावी लागली. ते हल्ली जरा कुरकुरतात.

"अगं, माझं कानाचं सांगून संपलं नाही अजून."

"तुमचं कालही कानाचंच होतं. माझी पाठ नवीन आहे."

चष्मेवाल्यांनीही डॉक्टरबाईंकडे नाव घातलं होतं, त्यामुळे मागच्या महिन्यात दोघांची तपासणी एकाच दिवशी आली. आधी कुणी आत जायचं यावरून दाराशी जरा वादच झाला. दोघांच्याही काखेत फायली होत्या. काटेताईंची अजून बारीक होती, पण तिच्यातला प्रत्येक कागद काठाला काठ जुळवून लावलेला होता. शेवटी डॉक्टरबाईंनी आतूनच आवाज दिला आणि दोघांना एकदमच बोलावलं.